हिशोब चुकायला लागले तिथून

आमचे आण्णा एसटीत कंडक्टर, कराड डेपो, एकतीस वर्षं. तिकिटाचं मशीन यायच्या आधीपासूनचा माणूस, म्हणजे पत्र्याची पेटी, हातात पंच आणि डोक्यात सगळे स्टेज, म्हणजे भाड्याचे टप्पे. कुठून कुठं फुल किती नि हाफ किती, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर बाहेर. रिटायर झाल्यावरपण किराणावाल्याच्या कॅल्क्युलेटरच्या आधी बेरीज सांगायची खोड गेली नव्हती. त्यामुळं 2023 च्या ऑगस्टात तो किराणावाला म्हणाला की आण्णा दोनदा जास्तीचे पैसे देऊन गेले, तेव्हा आम्ही घरात सगळे हसलो होतो. आईनं तर "आता मला कळलं पगार कुठं जायचा" असंपण म्हटलं.

मग शब्द जायला लागले. ताटाला तिकीट म्हणायचे, चष्म्याला पंच. आम्हाला वाटलं गंमत करतायत. एका डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्ह कमी असेल म्हणून तीन आठवडे इंजेक्शनं दिली, वय झालं, झोप होत नसेल वगैरे. सहासष्ट वय म्हणजे काय फार नाही हो. आणि गौरी जेवायच्या दिवशी, घरात पंचवीस माणसं, आण्णांचा उजवा हात उडायला लागला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ते खाली गेले. कोणी कांदा आणला, कोणी चप्पल हुंगवली, मी स्वतः दातात चमचा घालायला गेलो. यातलं काही म्हणजे काही करायचं नसतं हे नंतर कळलं. कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोकदार काढायचं, घड्याळ बघायचं, तोंडात काहीही घालायचं नाही. पुढच्या वर्षभरात हे मी इतक्या वेळा केलं की चहा ठेवल्यासारखं झालं.

एमआरआयमध्ये डाव्या कानाच्या वरच्या बाजूला, आत, साधारण साडेचार सेंटिमीटरची गाठ. कडेनं पांढरी कडी आणि मध्ये काळं. रेडिऑलॉजीवाल्यानं सीडी देताना माझ्याकडं बघितलं नाही, त्यावरून मला निम्मं कळलं. डावी बाजू म्हणजे बोलण्याची, म्हणून शब्द जात होते.

ऑपरेशन ऑक्टोबरात पुण्याला, खाजगीत. घर गहाण वगैरे नाही, पण ताईचे दागिने आणि माझं पर्सनल लोन. सर्जन चांगले होते, स्पष्ट बोलले की बरीचशी काढली, सगळी काढली असती तर बोलणं पूर्ण गेलं असतं, आणि ही गाठ अशी असते की डोळ्याला दिसते त्याच्या बाहेरपण तिची मुळं पसरलेली असतात, त्यामुळं सगळी काढली हे वाक्य या आजारात खरं नसतंच. दहा दिवसांनी रिपोर्ट. ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा कॅन्सर, ग्रेड चार, आयडीएच वाइल्डटाइप, म्हणजे आयडीएच नावाचं जीन गाठीत बदललेलं नाही. ग्रेड म्हणजे स्टेज का हा पहिला प्रश्न आमच्या काकांचा. नाही, स्टेज नसते यात. आणि आण्णांच्या घरात स्टेज म्हटलं की कराडनंतरचं उंब्रज आठवतं, तो भाग वेगळा.

इथून पुढं टाटा, परळ. ज्यांना हे करावं लागणार आहे त्यांनी एवढं तरी वाचा, बाकी सोडलं तरी चालेल. ऑपरेशन दुसरीकडं झालं असेल तर नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. स्लाइड आणि ब्लॉक लागतो. ब्लॉक म्हणजे काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवलेला असतो, आगपेटीपेक्षा लहान. त्याच्यावरनं तिथले लोक स्वतः परत तपासतात आणि पुढच्या टेस्टपण त्याच्यावरच होतात. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी प्लास्टिकच्या पिशवीत सीडी आणि झेरॉक्स घेऊन गेलो आणि परत पुण्याला आलो. जिथं ऑपरेशन झालं तिथं म्हणाले ब्लॉक लॅबकडं आहे, लॅब म्हणाली हॉस्पिटलचं पत्र आणा, पत्रावर सही करणारे सुट्टीवर. नऊ दिवस. नऊ दिवसांत गाठीला सुट्टी नसते. मी त्या काउंटरवर शेवटी आवाज चढवला आणि मग अर्ध्या तासात ब्लॉक आला, म्हणजे तो तिथंच होता.

टाटात फाईल काढली. गर्दीबद्दल ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं. अख्खा देश तिथं फूटपाथवर बसलेला, बिहार, बंगाल, आसाम, आणि मध्येच कुणीतरी आपल्याकडचा, जतचा, कोरेगावचा. न्यूरोच्या ओपीडीत डॉक्टरांनी मराठीत समजावून सांगितलं, घाई नाही केली. सहा आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार, एकूण तीस. त्याच्याबरोबर टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाच्या कॅप्सूल रोज, शनिवार-रविवारसकट. मग महिनाभर थांबून महिन्यातून पाच दिवस कॅप्सूल, असे सहा राउंड. हीच पद्धत 2005 पासून जगभर चालू आहे. ताईनं बाहेर येऊन विचारलं "किती?", मी म्हटलं काय किती, तर ती म्हणाली तू विचारलं नाहीस का. विचारलं नव्हतं. रात्री मोबाईलवर शोधलं. ही पद्धत ज्या 2005 च्या अभ्यासावरनं आली त्यात नुसत्या शेकवर निम्मे लोक 12.1 महिन्यांच्या पुढं गेले आणि शेक अधिक कॅप्सूलवर 14.6 महिन्यांच्या. म्हणजे एवढं सगळं करून अडीच महिने जास्त. पण दोन वर्षांनी जिवंत किती, तर 10.4 टक्क्यांच्या जागी 26.5 टक्के. मी आण्णांना त्या साडेसव्वीस टक्क्यांत बसवलं आणि झोपलो. सगळेच बसवत असणार.

मग एमजीएमटीची टेस्ट आली, अनमिथायलेटेड. डॉक्टरांनी सांगितलेलं मी काकांना असं सांगितलं, की औषध गाठीच्या पेशीचा डीएनए मोडतं आणि पेशीत एमजीएमटी नावाचा एक मेकॅनिक असतो तो ते रिपेअर करत बसतो. काही लोकांच्या गाठीत हा मेकॅनिक सस्पेंड असतो, त्यांना औषध चांगलं लागू पडतं. आपला ड्युटीवर आहे. काका डेपोतच होते वर्कशॉपला, त्यांना एका झटक्यात कळलं. म्हणाले "मग त्याला दारू पाजा की." हसलो आम्ही दोघं, ओपीडीच्या जिन्यात बसून.

राहायला आत्याकडं लालबागला. मिलच्या काळातली खोली, आत्याचे मिस्टर मिलमध्ये होते, आमच्या गावाकडची निम्मी माणसं तिथंच गेलेली. त्या दहा बाय अठराच्या खोलीत आत्या, तिचा मुलगा, सून, नातू आणि आम्ही तिघं. कुणी एका शब्दानं बोललं नाही. दिवाळी तिथंच झाली. सकाळी भारतमाता टॉकीजपाशी टॅक्सी बघायची, नाही मिळाली तर चालत, आण्णांना चालवायचं तेव्हा.

शेक दुखत नाही. दुखतो तो मास्क. म्हणजे दुखतो असंपण नाही, गरम पाण्यातनं काढलेली जाळी तोंडावर दाबून साचा करतात आणि रोज तो चेहऱ्यावर लावून टेबलाला फिट करतात, डोकं हलू नये म्हणून. पहिल्या दिवशी आण्णा घाबरले. बोलता येत नव्हतं नीट, नुसते हाताने दोनदा दोरी ओढल्यासारखं करत होते. टेक्निशियनला कळेना. मला कळलं. डबल बेल. म्हणजे चला, निघा इथनं. मी त्या पोराला सांगितलं, त्याला एवढी गंमत वाटली की दुसऱ्या दिवसापासनं तोच शेक संपल्यावर आतनं हाताने डबल बेल द्यायचा आणि आण्णा हसत उठायचे.

तिथं रोज शेजारी बसायचा एक मुर्शिदाबादचा माणूस, सात वर्षांची मुलगी घेऊन. तिची गाठ मेंदूच्या देठात, जिथनं श्वास चालतो, तिथं सुरी लावता येत नाही, नुसता शेक. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला हिंदी बरं येतं, तर रिपोर्ट मी वाचून दाखवायचो. एकदा एक ओळ मी वाचली नाही. त्याला कळलं की मी वाचली नाही. पुढं त्यानं परत रिपोर्ट दिला नाही मला, पण मुलीसाठी आणलेल्या बिस्किटातलं एक आण्णांना रोज द्यायचा.

पैशाचं थोडक्यात सांगतो. केशरी रेशन कार्डावर महात्मा फुले योजनेतनं शेकचा बराच भार हलका झाला. कॅप्सूल आता भारतीय कंपन्यांच्या मिळतात, पण कंपनीनुसार किमतीत फार फरक, दोन-तीन ठिकाणी विचारूनच घ्या. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचाराला जाताना स्लीपर आणि थ्री-एसी फुकट, बरोबरच्या माणसाला 75 टक्के सूट, हॉस्पिटलचा फॉर्म लागतो. एकतीस वर्षं एसटीत घालवलेला माणूस फुकट कशातनं जायला लागला तर महालक्ष्मी एक्सप्रेसमधनं.

घरी आलो डिसेंबरात. आता स्टेरॉइडबद्दल. डेक्सा. मेंदूची सूज उतरवायला देतात आणि काम करतं, शब्द दोन दिवसांत परत यायचे. पण रात्री तीनला उठून भडंग मागायचे, शुगर तीनशेच्या वर, मांड्यांतली ताकद गेली, खुर्चीतनं उठता येईना, आणि तोंड गोल गरगरीत. भेटायला येणारा प्रत्येकजण "वा, तब्येत सुधारली की!" फिटच्या गोळ्यांनी चिडचिड वेगळीच. आयुष्यात आईला कधी अगं-तुगंच्या पुढं बोलले नव्हते, तर ताट भिरकावलं एकदा. तेव्हा वाटायचं हा माणूस वेगळाच आहे. डॉक्टरना सांगितल्यावर त्यांनी गोळी बदलली आणि पंधरा दिवसांत निवळलं. आम्ही ते दीड महिना सांगितलंच नव्हतं, आजाराचाच भाग असेल म्हणून.

जानेवारी 2024 चा एमआरआय वाईट आला. गाठ मोठी दिसत होती. डॉक्टर म्हणाले शेकनंतर पहिल्या तीन महिन्यांत असं खोटं वाढलेलं दिसू शकतं, सूज असते ती, गोळ्या चालू ठेवू, दोन-अडीच महिन्यांनी परत बघू. हे घरात येऊन सांगणं म्हणजे. "वाढलीय तर थांबायचं कसं?" "दुसरीकडं दाखवा." आणि इथून आमच्या घराचा शोध सुरू झाला, प्रत्येकाचा वेगळा. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज काहीतरी. टाटा आणि आयआयटीची कार-टी थेरपी आलीय म्हणून, ती 2023 मध्ये मंजूर झाली ती रक्ताच्या कॅन्सरला. फेब्रुवारीत टाटाच्या शंभर रुपयांच्या गोळीची बातमी आली, ती मला चाळीसेक लोकांनी पाठवली असेल, शाळेतल्या मास्तरांनीपण. ओपीडीत विचारलं तर डॉक्टर थकल्यासारखे हसले, म्हणाले तुम्ही आजचे सतरावे. ती अजून बाजारात नव्हतीच. डोक्याला लावायची इलेक्ट्रिकची टोपी एक असते, डोकं भादरून चिकटपट्ट्या लावून दिवसाचे अठरा तास घालायची, तिच्यानं अभ्यासात चार-पाच महिने वाढले होते, पण खर्च महिन्याला लाखांत. विचारून आलो आणि विषय सोडून दिला. सोडून दिला असं लिहितोय, पण रात्री गणित करत होतो की जमीन विकली तर किती महिने.

दुसरं मत हवंच होतं सगळ्यांना, तर नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशभरच्या कॅन्सर हॉस्पिटलांचा गट, त्यांची 'नव्या' नावाची ऑनलाइन सोय आहे, तिथं सगळे रिपोर्ट चढवले आणि घरबसल्या लेखी मत आलं. तेच. गोळ्या चालू ठेवा, एमआरआय परत करा. काकांना ते फुकट गेल्यासारखं वाटलं. मला पहिल्यांदा झोप लागली.

एप्रिलमध्ये एमआरआय केला, गाठ लहान झाली होती. खरंच सूज होती ती. आणि त्याच आठवड्यात रक्तात लिव्हरचा आकडा चारशेच्या वर. डॉक्टरनी विचारलं दुसरं काही चालू आहे का. मी छातीठोक नाही म्हटलं. आई गप्प. जिना उतरताना म्हणाली, मी पुडी देते रोज, दुधातनं. कुणीतरी कर्नाटकातल्या एका वैद्याचं औषध आणून दिलं होतं, अडीच महिने चालू होतं. चौथा राउंड तीन आठवडे पुढं गेला त्यापायी. मी आईवर ओरडणार होतो, तर ती म्हणाली "गाठ कमी झाली ना पण." आता काय बोलणार. तिच्या हिशोबानं पुडीनं कमी झाली, माझ्या हिशोबानं पुडीनं तीन आठवडे घालवले, आणि दोघांपैकी कुणालाच सिद्ध करता येत नाही. पुडी बंद केली एवढं खरं. तिला मी म्हटलं, काय द्यायचं ते दे, पण मला सांगून दे. त्यानंतर ती अंगारा सांगून लावायची, तेवढाच उरला होता.

एका ठिकाणी मी स्वतः गेलो होतो, कबूल करतो. पेशींची लस. चकचकीत ऑफिस, एसी, काउन्सेलर बाई. साडेआठ लाख. मी वाचून गेलो होतो थोडं. परदेशात अशा लसीचा जो मोठा अभ्यास 2022 मध्ये छापून आला त्यात पेशंटची स्वतःची गाठ ऑपरेशनच्या वेळीच वेगळी गोठवून ठेवतात आणि तिच्यावरनं लस बनवतात. मी विचारलं तुम्हाला आण्णांची गाठ नको का, ती तर मेणात बसवलेली आहे. बाई म्हणाल्या आमची टेक्निक वेगळी आहे. वेगळी म्हणजे कशी, किती जणांना दिली, छापलंय का कुठं, तर ब्रोशर पुढं केलं. त्याच्यावर डोंगर आणि उगवता सूर्य. तरी मी दोन दिवस विचार करत होतो. साडेआठ लाख कुठनं आणायचे याचा. खरंखोटं कधीच मागं पडलं होतं.

पण ते चार महिने बरे गेले. एप्रिल ते जुलै. स्पीच थेरपीवाल्या मुलीनं शिकवलं होतं की ज्या गोष्टी ओळीनं पाठ असतात त्या वेगळ्या जागेतनं येतात, आकडे म्हणवून घ्या, वार म्हणवून घ्या. आकडे अडायचे सतरावर. वार शनिवारनंतर संपायचे. मग मला सुचलं आणि मी म्हटलं "आण्णा, कराड..." आणि ते सुरू झाले, उंब्रज, काशीळ, अतीत, नागठाणे, शेंद्रे, सातारा, एका दमात, कंडक्टरच्या त्या आवाजात, शेवटच्या अक्षराला हेल काढून. स्वतःच्या नातीचं नाव येत नव्हतं, पण हे येत होतं. आरतीपण पूर्ण यायची, चालीवर.

जूनमध्ये मी त्यांना कराड-सातारा एसटीत बसवलं. कंडक्टर पोरगा तिशीतला, ओळखत नव्हता, पण मी सांगितल्यावर उठून स्वतःची सीट दिली. आण्णा बसले. मशीन हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं आणि परत दिलं, तोंड वाकडं करून, हे काय खेळणं अशा अर्थानं. उंब्रजला गाडी थांबायच्या आधी ते ओरडले "उंब्रज उंब्रज, चला मागचं!" अख्खी गाडी बघायला लागली. एक म्हातारी खरंच उठली. अतीतला म्हणाले, मग नागठाण्याला, आणि शेंद्र्याला झोप लागली त्यांना, डोकं माझ्या खांद्यावर, तोंडातनं लाळ, उन्हानं गाडी तापलेली. साताऱ्याला मी उठवलं नाही, तसेच परत आलो त्याच गाडीनं. दुसरं तिकीट काढायला लागलो तर पोरगा घेईना.

ऑगस्टमध्ये गाठ परत वाढली, आणि यावेळी खोटी नाही. परत ऑपरेशनचा फायदा नाही म्हणाले. बेव्हासिझुमॅबची सलाइन दर पंधरा दिवसांनी सुचवली, कराडमध्येच घेता आली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं की यानं आयुष्य वाढतं असं अभ्यासात दिसलेलं नाही, सूज उतरते, स्टेरॉइड कमी करता येतं, काही आठवडे माणूस बरा राहतो. एवढं सरळ सांगणारा माणूस भेटणं हे नशीब म्हणायचं. त्याच महिन्यात ताईच्या मैत्रिणीनं अमेरिकेतनं ब्रेन ट्यूमरची नवी गोळी मंजूर झाल्याची बातमी पाठवली. ती खरी होती, पण आयडीएच बदललेल्या ग्रेड दोनच्या गाठीसाठी. आयडीएच वाइल्डटाइप हे दोन शब्द वर्षभरापूर्वी रिपोर्टवर वाचले होते, त्यांचा उपयोग आत्ता झाला, की आशा करायची का नाही ते दोन मिनिटांत कळलं.

गणपतीत पाटावर बसून आरती म्हटली त्यांनी. ऑक्टोबरात गिळता येईना. काका म्हणाले मुंबईला नेऊ, आयसीयूत ठेवू. टाटातल्या पॅलिएटिव्हच्या, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी ठेवणाऱ्या, डॉक्टरांशी फोनवर बोललो, त्यांनी काय काय होईल ते क्रमानं सांगितलं, झोप वाढेल, गिळणं जाईल, श्वासाची लय बदलेल, आणि घरी काय ठेवायचं ते, फिट आली तर नाकात मारायचा मिडॅझोलामचा स्प्रे, पाठ फिरवायचं वेळापत्रक, हवेची गादी. ती यादी फ्रिजवर लावली. काकांना पाठ फिरवायची ड्युटी दिली, रात्री दोनची आणि चारची. त्यानंतर त्यांनी आयसीयूचं नाव काढलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेले, पहाटे, काकांच्या ड्युटीत. पहिल्या फिटपासनं साडेचौदा महिने. ताई म्हणाली, बरोब्बर हिशोबात. मग स्वतःच रडायला लागली असं बोलल्याबद्दल.

बाराव्याला एक लांबचे पाहुणे म्हणाले, "म्हणजे शेक नि गोळ्या सोडून काहीच केलं नाहीत?" मी त्यांना पत्रावळ वाढली.

गेल्या महिन्यात इस्लामपूरवरनं एका अनोळखी माणसाचा फोन. बायको, एकेचाळीस वर्षांची, परवाच ऑपरेशन झालंय, रिपोर्टमध्ये हेच नाव. नंबर कुठनं मिळाला विचारलं नाही. अर्धा तास तो त्याच पेशींच्या लसीबद्दल बोलत होता, डोंगर नि सूर्याचं ब्रोशर त्याच्याकडंपण आलं होतं. मी म्हटलं पैसे दिलेत का. म्हणाला उद्या द्यायचेत. मी त्याला ते तीन प्रश्न सांगितले, गाठ नको का, किती जणांना दिली, छापलंय का. तो गप्प झाला, मग जरा चिडूनच म्हणाला, तुम्ही तुमच्या वडिलांचं काय केलं मग. मी म्हटलं ते सांगतो सावकाश, आधी पुण्याला जाऊन ब्लॉक ताब्यात घ्या.

"ब्लॉक म्हणजे?"

म्हटलं, कागद-पेन आहे का जवळ.